माझ्यात अडकलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. रंगाने राखाडी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. सध्या माझा मुक्काम बैठकीच्या खोलीतल्या उघड्या फळीवर, थंडीच्या पांघरुणांशेजारी असतो. मी मोडलेलो नाही. कळ दाबली की आजही सुरू होतो. तरी माझा कोणाला काडीचा उपयोग नाही. असे कसे, ते सांगतो. गोष्ट गोड नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथून मी एका मोठ्या ऑफिसात गेलो. तिथल्या एका हुशार नोकरदाराने माझ्यावर दोन-तीन वर्षे हिशेबाचे तक्ते केले. ऑफिसच्या नियमाप्रमाणे माझ्या डिस्कला कुलूप घातलेले होते. म्हणजे माझ्या पोटातले सगळे मलाच वाचता यावे, चोराने डिस्क काढून नेली तरी त्याच्या हाती काही लागू नये. त्या कुलुपाची किल्ली माझ्याच एका सुरक्षा चिपमध्ये असते. पुढे ऑफिसने नवी यंत्रे घेतली आणि जुनी ज्याची त्याला देऊन टाकली. त्या नोकरदाराने मला आपल्या वडिलांच्या घरी आणले. कुलूप तसेच राहिले. ते काढायचे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

हे वडील म्हणजे माझे काका. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणतो. ते बसस्थानकावर निवेदक होते. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली, कुठल्या बसला उशीर होणार, हे भोंग्यावरून सांगायचे. आवाज असा भरदार की उशिराची बातमीसुद्धा लोक निमूट ऐकून घ्यायचे. त्याच गळ्याला आजार झाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल.

काकांची मुलगी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. एक प्रोग्रॅम असतो, त्यात ऑपरेशनच्या आधी वाक्ये बोलून ठेवायची आणि मग पुढे टाइप केले की लॅपटॉप त्याच आवाजात बोलतो, हे तिनेच शोधून काढले. तिने चार दिवस सुटी घेतली. पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला नळसुद्धा बंद. काका घामाघूम होऊन माझ्यासमोर वाक्यामागून वाक्य वाचत होते. दार उघड. औषध दे. आज बरे वाटते आहे. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "भांडायची वाक्यंही भरून ठेवा. नाहीतर माझ्याशी भांडणार कसे?"

काका हसले आणि ती वाक्ये त्यांनी अगदी मन लावून भरली.

ऑपरेशननंतर माझे चांगले दिवस सुरू झाले. मित्रांनो, एखाद्या यंत्राला याहून मोठा मान काय मिळणार? काका टाइप करायचे आणि मी त्यांच्या आवाजात बोलायचो. त्यांनी माझ्यातून दुकानदाराशी घासाघीस केली, मुलीला फोनवरून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, नोकरीच्या निरोप समारंभात तर माझ्यातूनच भाषण केले आणि सगळे स्थानक गहिवरले. शेजारीपाजारी येऊन मला बघून जात. काकू स्वयंपाकघरातून माझ्याशीच वाद घालायच्या आणि मग बोलतोय तो लॅपटॉप हे लक्षात आले की पदराने डोळे पुसायच्या.

पण कौतुक करणारे पुष्कळ होते, काळजी घेणारे कोणीच नव्हते. माझ्या पंख्यात धूळ साचली. मोठी बॅटरी दगावली आणि मी चार्जरच्या वायरीवर जगू लागलो. मुलगी दर फोनला भावाला, म्हणजे माझ्या आधीच्या मालकाला, सांगायची, बाबांच्या आवाजाची एक प्रत दुसरीकडे काढून ठेव. तो म्हणायचा, पुढच्या वेळी आलो की करतो. तो यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा आणि जायचा.

मग एका सकाळी काकांनी कळ दाबली आणि माझ्या पडद्यावर सूचना आली: सेटिंग सदोष आहे, मूळ सेटिंग पुन्हा लावत आहे, यंत्र बंद करू नका. मी मूळ सेटिंग लावायला घेतली, अर्ध्यात अडखळलो, पुन्हा सुरू झालो आणि पडद्यावर पुन्हा तीच सूचना. काका चहाचा कप हातात धरून बसले होते. चहा गार झाला, मी काही पुढे सरकलो नाही.

माझ्या पोटात बटणाएवढा एक चपटा सेल असतो. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवायचे आणि सुरू होताना लागणारी सेटिंग सांभाळायची, एवढेच त्याचे काम. तो सेल संपला होता. मी लावायचो आणि विसरायचो, लावायचो आणि विसरायचो. दुखणे एवढेच होते. मला ते ठाऊक होते. पण मी फक्त दुसऱ्याने टाइप केलेले बोलतो.

संध्याकाळी मुलगा आला. कंप्युटरमधले त्याला बरेच कळते, निदान नातेवाइकांत तरी तसा लौकिक आहे. त्याने मेनू उघडला, मूळ सेटिंग निवडली, जतन केली. पडद्यावर तीच सूचना. चार्जर काढून कळ बराच वेळ दाबून धरली. तीच सूचना. मोबाइलवर शोधून एकाचा सल्ला घेतला, मग दुसऱ्याचा. त्याचे कान तापून लाल झाले. बहिणीने फोनवर सांगितले की दुरुस्तीवाल्याकडे ने. एवढ्याशा गोष्टीला दुरुस्तीवाला कशाला, म्हणून त्याने फोन ठेवला. काकू दोनदा जेवायला बोलावून गेल्या. काका मात्र शेजारच्या खुर्चीतून हलले नाहीत. सकाळपासून त्यांनी एक शब्द उच्चारलेला नव्हता.

शेवटी मुलगा सुरक्षेच्या पानावर पोहोचला. तिथे सुरक्षा चिप साफ करण्याचा पर्याय होता. त्याने तो निवडला. मी विचारले: ही चिप साफ केल्यास कुलूपबंद माहिती कायमची हाताबाहेर जाऊ शकते, नक्की पुढे जायचे का?

काकांनी चष्मा सारखा केला. त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग हात पुढे करून मुलाचे मनगट धरले आणि दुसऱ्या हाताचे बोट त्या ओळीवर टेकवले.

"बाबा, हे नेहमीच असं विचारतं," मुलगा म्हणाला. "तुम्हाला यातलं कळत नाही."

काकांनी मनगट सोडले नाही. मुलाने ते हलकेच सोडवून घेतले, लहान मुलाच्या मुठीतून वस्तू सोडवावी तसे. काकांनी टेबलावर थाप मारली. तोवर कळ दाबली गेली होती.

आणि मित्रांनो, त्याचा उपयोग शून्य झाला. सेल मेलेला तो मेलेलाच. मी पुन्हा अडखळलो, पुन्हा तीच सूचना आली.

दुसऱ्या दिवशी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. काका बरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. दुरुस्तीवाल्याने माझे पोट उघडले, धूळ झाडली, सेल बदलला आणि मूळ सेटिंग लावली. पहिल्याच झटक्यात काम झाले. मुलगा मोकळे हसला. काकांनी दोन्ही हात कळफलकावर आणून ठेवले. पहिले वाक्य कोणते टाइप करायचे, ते त्यांनी ठरवून आणले असणार.

मी कुलुपाची किल्ली चिपमध्ये शोधली. ती तिथे नव्हती. मग मला नाइलाजाने किल्ली हरवल्यास वापरायचा लांबलचक किल्ली-क्रमांक मागावा लागला.

"चिप कोणी साफ केली?" दुरुस्तीवाल्याने विचारले.

मुलगा म्हणाला, "मी." किल्ली-क्रमांक त्याच्या जुन्या ऑफिसच्या खात्यात होता. ते ऑफिस त्याने केव्हाच सोडले होते आणि खाते बंद झाले होते. दुरुस्तीवाला म्हणाला, आता हे कोणालाच उघडता यायचे नाही. फक्त सेल बदलायचा होता, असेही तो म्हणाला, पण ते जरा हळू.

काकांनी पडद्याकडे पाहिले, मग मुलाकडे. मग चष्मा काढून डबीत ठेवला आणि डबीचे झाकण लावले.

मुलगी पहिल्या गाडीने आली. बहीणभावांची अशी जुंपली की लहानपणापासूनचे सगळे उकरून झाले. काकू मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी दोघांपुढे पाणी ठेवले आणि म्हणाल्या, "या घरातून ह्यांचा आवाज गेलाय. आता तुमचा चढलेला नको."

दुरुस्तीवाल्याने सुचवले होते की डिस्क पुसून टाकली तर लॅपटॉप नव्यासारखा चालेल. काकूंनी साफ नाही म्हटले. "उघडत नाही ना? नको उघडू दे. आत आहेत ना ते?" असे म्हणून त्यांनी मला फळीवर ठेवले. रोज माझ्यावरून फडके फिरवतात. ही काळजी आता घेतली जाते.

काकांना नवा टॅब आणून दिला. तो तयार, गुळगुळीत आवाजात बोलतो. कोणाचा आवाज आहे देव जाणे. बाहेर काका तो वापरतात. घरात एकदा त्यांनी त्यातून काकूंना हाक मारली. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ती हाक आपल्याला आहे असे वाटलेच नाही. तेव्हापासून काका घरात हातवारे करतात. हातवाऱ्यांनी भांडण होत नाही. सुरू होते, पण लगेच विझते.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. यंत्राची धूळ झाडा, सेल वेळेवर बदला, हे तर कराच. पण यंत्रात माणसाचे काही ठेवले असेल तर त्याची दुसरी प्रत आजच काढा, पुढच्या खेपेला नको. आणि यंत्र 'नक्की का?' असे विचारते तेव्हा ज्याचे काही जाणार आहे त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. त्याला बोलता येत नसेल, तर दोनदा बघा.

इथेच थांबणार होतो, पण गेल्या रविवारचे राहिले. मुलगी एक जुने चित्रीकरण घेऊन आली. कुठल्याशा नातेवाइकाच्या घरचे कार्य, सगळा गोंगाट. त्यात काका दिसत नाहीत. फक्त मागून कुठून तरी त्यांचे एक वाक्य येते. प्रोग्रॅमवाल्यांनी तिला आधीच सांगितले होते की एवढ्याशावरून आवाज पुन्हा तयार होणार नाही. तरी तिने ते आणले. बैठकीच्या खोलीत सगळे जमले, मुलगाही होता. तो दाराशी उभा राहिला.

तिने लावले. गोंगाटातून काकांचा आवाज आला, भरदार, थोडा चिडलेला:

"जरा सरका हो, मागच्यांना दिसू द्या."

आणि सोफ्यावर बसलेल्या काकू, काही कळायच्या आत, बाजूला सरकल्या.