कुणाच्यातली गं तू?

बनाक्का सिस्टरला दवाखान्यात सगळे भ्यायचे, मोठे डॉक्टरसुद्धा. ओपीडीत ती बोलली की फाटकावरचा गुंडू शिपाई तोंडातली तंबाखू थुंकून सरळ उभा राहायचा. अशा बाईला त्र्याऐंशी साली वरून हुकूम आला, की ट्रेनिंगला बसा. कशाचं? तर आपल्यावर जबरदस्ती झाली असं एखादी बाई सांगायला आली, तर दवाखान्यातल्या माणसांनी वागायचं कसं, याचं.

"आता हे पुण्याकडनं शिकायचं व्हय?" बनाक्का कडाडली. "एवढी वर्सं बायाबापड्यांचं निस्तारतोय की मी!"

शिकवायला पुण्याहून आलेल्या आगाशेबाई डॉक्टर होत्या. आवाज एवढा मऊ, की मागच्या बाकावरचे दोन कंपाउंडर सुखानं झोपी गेले. बाईंनी विचारलं, "अशी मुलगी समोर आली, तर पहिलं काय विचाराल?"

"गाव कुठलं आन कुणाच्यातली, दुसरं काय?" बनाक्का म्हणाली.

"तेच नका विचारू. नाती निघाली की ती गप्प बसेल. ती सांगेल ते ऐका, आणि खरं माना."

बनाक्का खो खो हसली. कोल्हापुरात गाव न विचारता बोलायचं? अहो, इथं रिक्षावाला राजारामपुरी येईस्तोवर तुमच्या आजोळची सोयरीक काढतो आणि उतरताना पावणं म्हणून हाक मारतो. "बाई, पुण्यात शेजाऱ्याचं नाव म्हाईत नसतंय, म्हणून तुमास्नी जमतंय!" असा तिनं टोला हाणला. सगळे हसले, कंपाउंडरही जागे झाले. आगाशेबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्याच दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत एक विशीतली पोर आली. पोटात दुखतंय म्हणाली, पण पोटाला हात काही लावीना. नुसती पदराचं टोक पिळत बसली.

"गाव कुठलं?" बनाक्काची जीभ सवयीनं सुटलीच.

"मुरगूड."

"कुणाच्यातली गं तू?"

"चौगुल्यांच्यातली. धाकटी सून."

"आगं, म्हंजे पिराजी तुझा थोरला दीर! माझा मावसभाऊ हाय की त्यो. माझ्या लग्नाचा मांडव त्यानंच घातला. लई गुणाचा गडी!"

पोर उठली. "दुखायचं थांबलं. जातो मी."

आता हिला काय झालं, म्हणून बनाक्कानं तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. सकाळी एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडलेलं सगळं धाडकन तिच्या डोक्यात शिरलं. अरे देवा, बनाबाई, काय करून बसलीस हे! ही पोर आत्ता मुरगूडच्या एस्टीत बसली, तर पुन्हा कुणापाशी तोंड उघडायची नाही. मुकाट त्याच घरात जाऊन भाकरी थापत बसायची.

"पोरी, तुला अडवत न्हाय मी," ती म्हणाली. आवाज खाली आणता आणता तिला घाम फुटला. "पर माझं चुकलं. काय सांगाय आलतीस ते सांग. मी खरं मानीन."

पोर दारापाशी थांबली. "तुमच्या भावाचंच सांगाय आलतो. आता मानाल खरं?"

त्यो तसला न्हाय गं, हे बनाक्काच्या अगदी ओठावर आलं. लहानपणी ती आणि पिराजी एका ताटात जेवलेली. तिला रडू आलं आणि रागही आला, भावाचा आणि स्वतःचाही. ओठावरचं तिनं गिळून टाकलं.

"मानलं," ती म्हणाली.

"पर तुमी त्येंच्या बहीण."

"हुतो."

"कवापतूर?"

"आत्तापतूर."

पोरीला पटेना. तिनं वळून बनाक्काला नीट निरखलं. "आन भाऊबिजेला आलं म्हंजे?"

"येऊ दे की. पायतानानं ओवाळतो मुडद्याला!"

पोरीच्या तोंडून हसल्यासारखा कसलासा आवाज निघाला, आणि ती मटकन स्टुलावर बसली.

"अक्का," ती म्हणाली, "दार लावून घ्या."