देवी माहेरी निघाली

मनकर्णाबाईला हल्ली सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसे. धुपाचा धूर, पुढ्यातली फुलांची रास, पायांवर टेकणारी डोकी, सगळं हळूहळू तरंगायचं. समोर वेशीपलीकडे वेचणीला आलेला कापूस पांढराशुभ्र पसरला होता. आपण ढगांवर बसलोय, असं तिला वाटे.

नवरा तापाने गेला, त्याच वर्षी नवरात्रात ती उपासाने भोवळ येऊन पडली आणि ग्लानीत काहीबाही बोलली. दुसऱ्या दिवशी गावातला हरवलेला बैल सापडला. थोरला दीर भगवंतराव याने ‘देवी आली’ म्हणून तिला ओसरीत पाटावर बसवलं. नारळ, लुगडी, धान्याच्या पाट्या येऊ लागल्या. उपास मोडला तर देवी निघून जाईल, म्हणून तो तिला पळीभर तीर्थ आणि एखादं केळं एवढंच देई. दिवाळी सरली, थंडी पडली. आता भूकसुद्धा कुठेतरी लांब निघून गेली होती.

त्या दिवशी गर्दी आवरायला धाड गावच्या पोलीस चौकीवरून शालिग्राम जमादार आला. पिकलेल्या मिशांचा, पोट सुटलेला माणूस. काठी भिंतीला टेकवून तोही रांगेत उभा राहिला. लोक तिच्या पायांकडे पाहत. हा मात्र तिच्या फुटलेल्या ओठांकडे पाहत होता, मग काटकुळ्या दंडांकडे.

“देवी जेवते काय?” त्याने सहज विचारलं.

“देवीले कायचं जेवन? वाऱ्यावर पोट भरते तिचं,” भगवंतराव म्हणाला.

जमादार नारळ ठेवायला वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “बाई, तुमचं नाव काय?”

हे तिला कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. ती शोधू लागली. खोल विहिरीतून पोहरा यावा तसं नाव वर आलं. “मनकर्णा.”

“उपाशी ठेवते हा?”

तिची मान हलली.

“माहेर कुठं?”

“सुलतानपूर.”

जमादाराने मागे पाहिलं. ओसरीपासून वेशीपर्यंत माणसंच माणसं होती. हात धरून तिला उठवलं असतं, तर दगड पडले असते. त्याने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला.

“माय, तुले कुठं जायाचं हाय, ते सगळ्याईच्या म्होरं तूच सांग.”

“देवी अशी बोलत नाई!” भगवंतराव पुढे सरसावला.

“आत्ता माह्यासंग बोलली ना! बोलू द्या तिले.”

मनकर्णाबाईने ओठ ओले केले.

“माहेरी,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली.

एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. “हाव बाप्पा, देवीलेबी माहेर असते!” बायका उठल्या. कोणी ओटी भरली, कोणी दमणीला बैल जुंपायला सांगितले, कोणी गाणं धरलं. भगवंतराव ‘थांबा, थांबा’ म्हणत राहिला. देवीच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकणार?

जमादार त्याच्या कानाशी गेला. “बाई इथं मेली असती, तं बेड्या तुह्याच हातात पडल्या असत्या. मांगं येऊ नको.”

दमणी हलली. दोन्हीकडे कापूस, मध्ये बैलांच्या घुंगरांचा आवाज. मनकर्णाबाई झोपे, जागी होई, पुन्हा झोपे. गाणाऱ्या बायका वेशीशी थांबल्या, तरी गाणं बरोबर येतंय असंच तिला वाटत होतं.

जमादाराने दमणी आधी धाडला आपल्या घरी नेली. त्याच्या बायकोने, वच्छलाबाईने, तिला ज्वारीची पातळ पेज चमच्याने पाजली. “एकदम नोको माय, पोट दुखन.” तिथेच राहून ती हळूहळू बसायला, मग चालायला लागली. निरोप मिळताच सुलतानपूरहून तिचे वडील उकंडराव आले आणि लेकीचे पाय हातात धरून रडत राहिले.

निघण्याआधी जमादार म्हणाला, “बाई, तुमच्या दिरावर रपोट लिवू का? साक्ष तुमालेच द्या लागन. जबरदस्ती नाई.”

तिने बापाकडे पाहिलं, मग दारातून रस्त्याकडे. आठवडी बाजार भरला होता. माणसं, भाजीच्या पाट्या, शेरडं, सगळं आता जमिनीवर घट्ट उभं दिसत होतं.

“लिवा,” ती म्हणाली. “अन् वच्छलाबाई, भाकर झाली असन तं ठेचा द्या जराकसा. लई तिखट पायजे.”