डोक्यावरची टाकी

आमच्या गाडीची टाकी टपावर होती. श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत लोक तिला हसले, आणि हसणाऱ्यांतले बरेचसे पुढे त्याच गाडीत बसून गेले. आता नातवंडं म्हणतात, आजी, अशी गाडी असते होय कुठे. होती. तिच्या टाकीखालची चुंबळ मी माझ्या हाताने वळली आहे.

साल चौतीस असेल, नाहीतर पस्तीस. मी श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातली नवी सून. सासूबाई, ठमाबाई, म्हसळ्याच्या बाजारात सुकट विकायच्या. डोक्यावर कापडाची गोल चुंबळ आणि तिच्यावर भरली पाटी घेऊन कोळीवाड्यातल्या बायका पहाटे निघायच्या आणि घाटी चढून जायच्या. मग त्या रस्त्यावर तात्यांची लॉरी सुरू झाली. तात्या मोठे वाडीवाले, सुपारीचं उत्पन्न दांडगं. पहिला पावसाळा सरल्यावर त्यांनी आम्हाला मागे सुपारीच्या पोत्यांवर बसू दिलं. एक दिवस मात्र लॉरीच्या फळीवर हात आडवा धरला.

"पाट्या चालायच्या नाहीत. सुपारीला वास धरतो."

हे खोटं नव्हतं. सुपारी वास धरते. तेवढंच बोलून ते थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण ते म्हणाले, "तुम्हाला चालायची सवय आहे ठमे, ती कशाला मोडता?"

सासूबाईंनी फळीवर ठेवलेला पाय खाली घेतला. "सवय पायांना हाय, तात्या. मनाला न्हाय. आता तुमच्या गाडीला पाय लावीन तर नावाची ठमा न्हाय."

घरी आल्या त्या गाडी घ्यायचं ठरवूनच. बायकांनी पाटल्या मोडल्या, कोणी नथ. आमच्या शेजारचा अनंता मुंबईच्या गोदीत लॉरी चालवून आलेला. त्याने कुठूनशी एक जुनी लॉरी पैदा केली. गाड्यांच्या मानाने तिचं वय माझ्या आजेसासूएवढं असावं. तिची पेट्रोलची टाकी होती बसायच्या फळीखाली. सपाटीवर गाडी नीट पळायची. घाटीची चढण लागली की इंजिन आचके देऊन बंद पडायचं. मग अनंता गाडी फिरवायचा आणि उलटी, मागच्या मागे, घाटी चढवायचा. आम्ही दगड घेऊन शेजारून चालायचो. गाडी थांबली की चाकाखाली दगड.

तात्यांनी तिला नाव ठेवलं, खेकडी. "कोळणींनी समुद्रातून खेकडी आणली. उलटी चालते." बाजारात पोरंटोरंसुद्धा तेच म्हणायला लागली.

त्यात पावसात पाट्या भिजल्या की खारं पाणी फळ्यांतून गळायचं ते थेट टाकीवर. दोन पावसाळ्यांत टाकी चाळणीसारखी झाली. एका बाजाराच्या दिवशी, घाटीच्या मध्यावर, पेट्रोल रस्त्यावर सांडून गेलं आणि गाडी बसली. मागून तात्यांची लॉरी आली.

"चढा हवं तर," तात्या म्हणाले. "पाट्या तेवढ्या इथेच ठेवा."

सासूबाईंनी पाटी उचलली आणि चालायला लागल्या. आम्ही मागोमाग. पण त्या दिवशी म्हसळ्याला पोचल्यावर आमच्यातली जनी सगळ्यांसमोर म्हणाली, "बास झालं, ठमाय. पुढच्या बाजाराला गाडी तोंड पुढं करून चढली न्हाय, तर इकून टाकायची. माझा वाटा मना परत पायजे." बाकीच्यांच्या मानाही तिच्या बाजूने हलल्या.

म्हणजे एक आठवडा. नाहीतर गाडी गेली आणि आम्ही पुन्हा पायी.

दुसऱ्या दिवशी अनंताने टाकी काढून अंगणात ठेवली. नळी फुंकली तर दुसऱ्या टोकातून सुकटीच्या भुग्यासारखा गंज पडला. डाख लावून भोकं बुजवून मिळतील का म्हणून सदा तांबटाला बोलावलं. तो वास घेऊन दोन पावलं मागे सरला. "ही टाकी पेट्रोल प्यायलेली. तिच्याजवळ मी इस्तू आणत न्हाय. नवी करतो. पण पत्र्याची केली तर पुन्हा गंजंल."

"तांब्याची?" सासूबाईंनी विचारलं.

"तांबं कुठून आणता?"

त्या आत गेल्या आणि लग्नातला हंडा घेऊन आल्या. सदाने तो हातात घेतला, बोटाने टिचकी मारली. आवाज बराच वेळ राहिला.

"हा मोडायचा, काकी?"

"मोडायचा न्हाय. चढवायचा."

"आणि पाणी कशात तापवाल?"

"मडकं मेलं न्हाय अजून."

हंड्याने पुरेना, तेव्हा आमच्यातल्या येसूबाईने तिचं तांब्याचं घंगाळ दिलं. जनीने काही दिलं नाही. पण रोज येऊन बसायची, बघायची.

अनंता फळीखालची जागा मोजत होता. सासूबाई म्हणाल्या, "एक सांग. ही उलटी का चढते?"

"काकी, पेट्रोल आपसूक वाहतं, पाण्यासारखं. चढणीला इंजिनाचं तोंड वर होतं, टाकी खाली राहते. मंग ते वर चढंल कसं? उलटी केली की टाकी वर."

"मंग टाकीच वर ठेव की."

"वर कुठं?"

"आमी ओझं कुठं ठेवतो?"

अनंताने आमच्याकडे पाहिलं, मग टपाकडे. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता टप मोजायला वर चढला.

मुंबईहून बोटीने नव्या तांब्याच्या नळीचं वेटोळं आलं, जिलबीसारखं. सदाने टाकी ठोकून, डाख लावून दिली. दोघांनी ती टपाच्या लाकडी चौकटीवर पट्ट्यांनी आवळली आणि नळी सरळ खाली इंजिनाला जोडली. बाजाराच्या आदल्या सकाळी अनंता गाडी बंदरापर्यंत नेऊन परत येणार होता. तो अर्ध्यातून चालत आला. खांद्यावरचा सदरा पेट्रोलने भिजलेला.

"हादऱ्यानं डाख उकलला. नळीपण सांध्यात चिरली."

जनी उठली. "मी बोललेच हुते."

सदा म्हणाला, जाड डाख लावतो. अनंता म्हणाला, जाडही उकलेल, रस्ताच तसा आहे. मी ओटीवर सुकट निवडत होते. मोठ्यांत बोलायची माझी रीत नव्हती, पण तोंडून निघून गेलं.

"चुंबळ कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"डोक्यावर ओझं ठेवलंय," मी म्हटलं, "आणि खाली चुंबळ न्हाय. आपली पण मान मोडती."

सासूबाईंनी आतून त्यांचं जुनं लुगडं आणून माझ्यासमोर टाकलं. मी काथ्याचा दोर घेतला, त्यावर लुगडं गुंडाळलं आणि दुपारपर्यंत एक मोठी, घट्ट चुंबळ वळली. सदाने पुन्हा डाख लावला. टाकी चुंबळीवर बसवली. अनंताने राहिलेल्या नळीतून नवा तुकडा कापला आणि त्याला मध्ये दोन वेढे दिले. म्हणाला, आता हिलाही लवायला जागा आहे. संध्याकाळी गाडी बंदरावर जाऊन आली. सदाने टाकीखाली हात फिरवून बघितला, कोरडा.

बाजाराच्या दिवशी पाट्या चढल्या, बायका चढल्या. जनी सगळ्यांत शेवटी चढली आणि दगड मांडीवर घेऊन बसली.

घाटी लागली. गाडीचं तोंड पुढे. इंजिन एकदा खोकलं, जनीने दगड उचलला, आणि गाडी चालत राहिली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर, जिथे एकाच गाडीपुरती वाट आहे, तिथे वरून तात्यांची लॉरी उतरत आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या.

तात्या डोकं बाहेर काढून आधी टपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठमे, गाडी मागे घे. तुझ्या खेकडीला सवय आहे."

अनंताचा हात गिअरच्या दांड्याकडे गेला. सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सवय मोडली, तात्या."

"माझी गाडी म्हसळ्याच्या मालाने भरलेली आहे."

"आमची रिकामी हाय का? आमी चढतोय. घाटात चढणाऱ्याला वाट देतात."

"आणि नाही दिली तर?"

"तर बाजार हितंच भरंल. आमची सुकट हाय, तुमचा माल हाय. गिऱ्हाईक पण येईल वास काढत."

मागून बायका हसल्या. तात्यांचा ड्रायव्हर अंबाजी खाली मान घालून म्हणाला, "मालक, रीत तीच हाय." तात्यांनी डोकं आत घेतलं. अंबाजीने लॉरी मागे घ्यायला सुरुवात केली, इंचाइंचाने, मागच्या मागे, वळणाच्या वरपर्यंत. जनी उठून उभी राहिली आणि मांडीवरचा दगड दरीत टाकून दिला.

वर रुंद जागा होती. तिथून आम्ही त्यांना ओलांडलं. अगदी जवळून जाताना तात्यांचा आवाज आला. "सांभाळून जा, ठमाबाई."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या समोर रस्त्याकडे बघत ताठ बसल्या होत्या. डोक्यावर ओझं असताना मान वळवत नाहीत.