चौथ्या मजल्यावरची सभा

तेहतीस वर्षं मी शाळेत मुलांची हजेरी घेतली, आणि सत्तरी उलटल्यावर माझ्याच सोसायटीनं मला लागोपाठ तीन सभांना गैरहजर मांडलं. हे मला लागलं. मांडीचं हाड मोडलं तेव्हाही मी एवढी चिडले नव्हते.

गोंदियातली आमची इमारत चार मजल्यांची, तीस वर्षं जुनी. मी सगळ्यात वर राहते, एकटी. बांधणाऱ्यानं खालून वरपर्यंत लिफ्टची जागा सोडली होती, पण लिफ्ट काही आली नाही. तळाशी त्या जागेत भैय्यालालजी आपले कूलर ठेवतात. ते तळमजल्यावर राहतात, राईस मिल चालवतात, आणि सोसायटीचे अध्यक्षही तेच. लिफ्टचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. मी खाली राहतो, मला लिफ्ट कशाला पाहिजे? सभा भरायची खाली पार्किंगमध्ये. म्हणजे जिला लिफ्ट हवी तीच सभेला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण इथे ज्याचं जळतं त्याला बोलायचीही सोय नव्हती.

हाड जुळलं, पण डॉक्टरांनी जिने बंद केले. चौदा महिने मी खाली पाऊल ठेवलं नव्हतं. भाजीसाठी बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडायची आणि खाली मंजू आपल्या हातगाडीवरची भाजी तीत भरायची. मंजू प्रामाणिक आहे. तरी हातात घेतल्याशिवाय वांगं घेणं म्हणजे न बघता सोयरीक जुळवणं.

माझा मुलगा उमेंद्र नागपूरला असतो. पोळ्याला आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत लिफ्टचं ठरलं नाही तर फ्लॅट विकायचा आणि मी त्याच्याकडे राहायला जायचं. तो मायेनंच बोलत होता, सूनही चांगली आहे. पण मला जायचं नव्हतं. तिकडे मी उमेंद्रची आई. इथे मी बाई, आणि अर्ध्या गावाला पाढे शिकवलेली बाई.

तो गेल्यावर मला माहेर आठवलं. आम्ही कोहळी, तळी बांधणारे. आमच्या गावात तळ्याच्या पाण्याची बैठक कधी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, सावलीत भरत नसे. ती भरायची शेवटच्या बांधीत, टोकाच्या भातशेतात, जिथे पाणी पोचता पोचत नाही. पाळीजवळ शेत असलेल्यांनाही उन्हातून तिथवर चालत यावं लागे. जमिनीच्या भेगा पाहिल्याशिवाय पाणी वाटू नये, असं बाबा म्हणायचे.

मी सेक्रेटरी जागेश्वरला फोन केला. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुढची सभा माझ्या घरी घे, म्हटलं. सभा पार्किंगमध्येच होते, असं तो म्हणाला. कोणत्या नियमात लिहिलंय ते दाखव, म्हटलं. दोन दिवस त्यानं नियमांचं पुस्तक चाळलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं नोटीस लावली. भैय्यालालजी येणार याची मला खात्री होती. अध्यक्षाच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपलं नसतं.

रविवारी अकराला मंडळी आली. सगळे घामाघूम, पण आले. मी चिवडा ठेवला होता आणि भाषणही तयार होतं. फक्त अध्यक्षांचा पत्ता नव्हता. अर्धा तास गेल्यावर जागेश्वर म्हणाला, सुरू करू. मी नाही म्हटलं आणि वॉकर घेऊन दाराबाहेर आले.

भैय्यालालजी खाली वळणाच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. शर्ट पाठीला चिकटला होता. मला बघून म्हणाले की जरा दम खाऊन राहिलो. मग त्यांनी मान खाली घातली.

"बाई, गुडघे दोन सालापासून गेले. घरीबी कोणाले सांगलो नाई. चढलो त खरा. आता उतरू कसा?"

"चौदा महिने झाले, भैय्यालालजी," मी म्हटलं, "मी हेच इचारून रायली."

माझ्या मागे दारात सगळे येऊन उभे होते. माझं भाषण ब्लाऊजमध्ये खोचलेल्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. भैय्यालालजींनी जागेश्वरला रजिस्टर तिथेच आणायला सांगितलं. सभा जिन्यातच झाली, ज्याला जी पायरी मिळाली तिच्यावर बसून. लिफ्टचा ठराव त्यांनी स्वतः मांडला आणि मांडीवर रजिस्टर ठेवून पहिली सही केली.

"कूलर उद्याच हटवतो," एवढंच म्हणाले.

परत जाताना ते कठडा धरून, बसून बसून एकेक पायरी उतरले. मी खरं तर त्यांची मजा बघायची म्हणून ही सभा वर बोलावली होती. पण ते तळमजल्याला पोचेपर्यंत मी कठड्यापासून हलले नाही. त्या रात्री मी उमेंद्रला फोन करून फ्लॅटचं गिऱ्हाईक शोधू नको म्हणून कळवलं.

होळीच्या आधी लिफ्ट आली. मला खाली न्यायला उमेंद्र खास नागपूरहून आला होता. तू जिन्यानं ये, असं त्याला सांगून मी एकटीच आत शिरले आणि बटण दाबलं. खाली दार उघडलं तर समोर भैय्यालालजी उभे. दोन वर्षांत गच्ची पाहिली नाही, म्हणाले, आणि मी बाहेर पडेपर्यंत दार धरून ठेवलं.

मी फाटकाबाहेर आले. मंजूची गाडी नेहमीच्या जागी, माझ्या बाल्कनीखाली होती. तिची माझ्याकडे पाठ होती. सवयीनं तिनं वर तोंड करून हाक दिली, "बाई, टोपली सोडा."

माझे डोळे भरून आले. ते पुसले, आणि वॉकर ढकलत तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"बाई हजर आहे," मी म्हटलं, आणि वांग्यांना हात घातला.