गुरुवारचा पाट

निधीने पाट पुसला, भिंतीपासून हातभर पुढे मांडला आणि त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. अकरा वर्षांची ही पोर बरंच काही विसरे, अक्षरं तर तिच्या हातून निसटूनच जात. पण गुरुवारचा पाट ती कधी विसरली नाही.

वर्षापूर्वी त्या हिंदी मुलुखाच्या नव्या राजधानीतून आदेश आला होता. निधीसारख्या मुलांचं नाव फक्त सरकारी शाळेच्या पटावर राहील, वर्गात बसायचं नाही; विशेष शिक्षिका दर गुरुवारी घरी येऊन शिकवील. हेडमास्तरांनी हे सांगितलं तेव्हा निधीच्या आजीने, सत्यभामाबाईंनी, हात जोडले होते. पहिल्या गुरुवारी त्यांनी गुढियारी वस्तीतल्या आपल्या दोन खोल्या सारवल्यासारख्या लख्ख केल्या, पोहे केले. शिक्षिका आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. निधी उंबऱ्यावर बसून रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिला कुशीत घेतलं.

"कीर्तनात मारोतीसाठी पाट ठेवतो का नाही आपण? थो दिसते काय कोनाले? पन येऊन बसते. तुही शिकवनारी दीदीबी तशीच."

निधीला ते पटलं. तेव्हापासून दर गुरुवारी पाटासमोर पाटी घेऊन ती तासभर बसे.

आज मात्र खरंच कुणीतरी आलं. तपासणीच्या मॅडम, हातात रजिस्टर. सत्यभामाबाईंनी वर्षभराचं गाऱ्हाणं मनात घोकून ठेवलं होतं. शेवटी एवढंच मागायचं होतं, की पोरीला पुन्हा शाळेत बसू द्या. पण मॅडम आधी निधीकडेच वळल्या.

"बेटा, दीदी पढ़ाने आती है?"

"हव."

"कहाँ बैठती है?"

निधीने हसून पाट दाखवला. मॅडमनी रजिस्टरात खूण केली.

घाईत सत्यभामाबाईंना हिंदी सुचेना.

"नाही येत, मॅडम. एक डावबी आली नाही. थो पाट रिकामाच असते."

मॅडमनी रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. दर गुरुवारी शिक्षिकेची सही होती, वळणदार.

"बच्ची झूठ नहीं बोलती, माताजी."

निधी खोटं बोललीच नव्हती. मॅडम गेल्या. निधीने पाटाकडे पाहिलं, मग आजीकडे. सत्यभामाबाईंनी पेल्यातलं पाणी तुळशीला घातलं.

संध्याकाळी मंदिरात देवीदासबुवांचं कीर्तन होतं. पेटीवाल्याने सूर धरला. बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि तशाच धरून थांबले. मारोतीचा पाट मांडायचं काम निधीचं.

"निधीबाई, आज आमच्या मारोतीरायाले उभंच ठेवता काय?"

चार बाया हसल्या. निधी आजीला टेकून बसली होती. ती हलली नाही.

"थो रिकामाच असते," ती म्हणाली.

बुवांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी मान खाली घातली आणि टाळ वाजवायला सुरुवात केली. बुवांनी अजून नमनही सुरू केलं नव्हतं.