एकाच कुशीवरचे कण

आलेख इतका जुळला होता की ठकूला त्याचाच संशय आला. ताऱ्याकडून आलेल्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या नोंदींचे ठिपके, आणि त्यांच्यावरून टाका घातल्यासारखी गेलेली दादाच्या गणिताची रेघ. तिची स्वतःची रेघ ठिपक्यांच्या मधल्या उंचवट्यापाशी दरवेळी घसरायची.

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ आणि या प्रयोगशाळेचा प्रमुख. ताऱ्याभोवतीच्या धुळीचा कण म्हणजे सिलिकेटचा ओबडधोबड गोळा, आत ग्राफाइटचे तुकडे, मधेमधे पोकळ्या. असा कण कुठला प्रकाश किती गिळतो, याचं गणित दोघं करत. कण वेडावाकडा, म्हणून तो सगळ्या बाजूंनी फिरवून दरवेळचं उत्तर काढायचं आणि मग सरासरी घ्यायची. त्यात आठवडे जात.

तिने दादाच्या गणिताची फाइल उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कण एकदाही फिरवलेला नव्हता.

ती दार न वाजवताच त्याच्या खोलीत घुसली.

"किती दिशा घेतल्यास?"

"ये, बस. चहा सांगू?"

"दादा, किती?"

"एक. अगं, लेख पाठवायची मुदत आज संध्याकाळची आहे. सगळ्या दिशा घेत बसलो तर इथेच म्हातारे होऊ."

"मग तुझ्या ताऱ्याभोवती धूळ काय कवायतीला उभी आहे? सगळ्या कणांची नाकं एकाच बाजूला?"

"चुंबकीय क्षेत्रामुळे रांगेत लागले, असं लिहू."

"मोजलंय कुणी तिथलं चुंबकीय क्षेत्र? आणि रांगेत लागले तरी स्वतःभोवती गरगरतातच. हे तूच शिकवलंस मला!"

"हळू बोल. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे!"

दादाने सूर बदलला. "ठके, या लेखावर आपल्याला दुर्बिणीची वेळ मिळणार आहे. पहिलं नाव तुझं टाकलंय. आईला सांगूनसुद्धा झालं."

"म्हणजे तोंड काळं व्हायचं तेही आधी माझंच!"

ती आपल्या टेबलाशी आली. तिने दादाचाच कण घेतला, मोजक्या दिशांना फिरवला आणि गणित चालू केलं. दुपारी उत्तर आलं. उंचवटा बसका झाला होता आणि ठिपक्यांपासून बाजूला सरकला होता. दादाने ते उभ्याउभ्याच पाहिलं.

"आज लेख जाऊ दे. दुरुस्ती मागाहून छापू."

तिने दोन्ही आलेख लेखावर नाव असलेल्या सगळ्यांना पाठवले. खाली लिहिलं, 'पहिल्यात कण फिरवलेला नाही, दुसऱ्यात फिरवला आहे. पहिला आलेख जाणार असेल तर माझं नाव काढा.'

दादा दारात येऊन उभा राहिला. "घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंस."

"घरचं? ती धूळ काय आपल्या परसातली आहे?"

एवढ्यात त्याच्या खोलीतला फोन वाजला. तो गेला. पातळ भिंतीपलीकडून त्याचा आवाज येऊ लागला, गोड, समजूतदार. "हो हो, ते आलेख पोचले ना तुम्हाला? लेख थांबवतोय आजच्यापुरता. नाही हो, तसं विशेष काही नाही. धाकटी बहीण आहे ना, तिचा जरा हट्ट…"

ठकू खुर्ची मागे ढकलून उठली, त्याच्या खोलीत गेली आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"हट्ट नाही," ती म्हणाली. "गणित चुकलंय. लिहून घ्या."

दादाने फोनसाठी हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि पलीकडच्या माणसाला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.