करंजाचे आळे

दोन हजार बाराच्या दुष्काळात सोनाजीने कळप विकला आणि खुलताबादच्या डोंगरावरून उतरून तो बजाजनगरात मुलाच्या घरी राहायला आला. बरोबर बायको होती, बानाबाई; तिचे डावे अंग त्याच उन्हाळ्यात लुळे पडले होते. मुलगा हनुमान वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला. घर दोन खोल्यांचे, वर पत्रे. फेब्रुवारी सरला की अकरा वाजल्यापासून ते पत्रे तडतडू लागत आणि खाली बाजेवर बानाबाई डोळे मिटून पडून राही. चाळीस वर्षे ती आभाळाखाली निजली होती. उन्हाची तक्रार तिने कधी केली नव्हती. तेव्हा ऊन सरकत असे आणि तीही सरकत असे. आता दोघांपैकी एकच सरकत होते.

घरामागे दहा फुटांची मोकळी जागा होती. तिथे हनुमानला कामगारांसाठी खोल्या काढायच्या होत्या. सोनाजीने ती जागा झाडासाठी मागितली.

"तुझ्या मायची बाज भायेर काढता यील, येवढी सावली पायजे. जास्त नाय."

"आबा, झाड काय कंपनीत भरती व्हतंय? आज लावलं अन् उद्या हजर?"

अखेर ठरले ते असे: तीन पावसाळे. तिसरा सरताना बाजेवर सावली पडली, तर जागा झाडाची. नाहीतर दसऱ्यानंतर गवंडी येतील. हनुमान वाईट नव्हता. त्याने तीन पावसाळे दिले. त्या वर्षांत आभाळही इतके देत नव्हते.

रोप आणले शेजारच्या करुणाने. ती शहरातल्या एका रोपवाटिकेत कामाला होती.

"बाबा, कडुलिंब लावा की. लवकर वाढतो."

"नको पोरी. लिंब दिसला की माझा हात आकडीकडं जातो."

खोटे नव्हते ते. लांब काठीच्या आकडीने फांद्या ओढून त्याने जन्मभर शेळ्यामेंढ्यांपुढे पाला टाकला होता. लिंब, बोर, बाभळ, कुणालाच सोडले नव्हते. करंजाला मात्र शेळी सहसा तोंड लावत नाही. म्हणून त्या झाडाकडे त्याने कधी धड पाहिलेही नव्हते.

"करंज दे. त्येचं मी कधी कायबी घेतलं नाय."

करुणा हसली. "म्हंजे बाकीच्या झाडांत तोंड दाखवायला जागा नाय म्हणा की!"

पाणी टँकरचे, मोजके. सोनाजीने आळ्याच्या काठाशी एक सपाट दगड बसवला, दोरीवर लुगडे टाकून आडोसा केला आणि रोज सकाळी बानाबाईला त्या दगडावर न्हाऊ घातले. तिच्या अंगावरून निथळलेले पाणी मुळांकडे जाई.

"आवं, झाडाला माझं उष्टं पानी पाजता व्हय?" ती अर्ध्या ओठांनी विचारी.

"पित्यंय की गुमान. त्येला कुठं जातपात कळती."

झाड वाढत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात ते भिंतीवरून डोकावू लागले. मे महिन्यातल्या एका दुपारी, चारच्या सुमारास, सोनाजीने हनुमानच्या मदतीने बाज बाहेर काढली. सावली बाजेच्या पायथ्यापर्यंत आली होती; बानाबाईच्या डाव्या पावलावर येऊन ती थांबली.

"गार लागतंय का?"

"त्या पायाला काय कळतंय?" ती म्हणाली. मग बराच वेळ पावलाकडे पाहत राहिली. "पर डोळ्याला दिसतंय."

हनुमानने वर फांद्यांकडे पाहिले. आणखी तीन-चार हात फांद्या पसरायला हव्या होत्या, आणि एकच पावसाळा उरला होता.

तेव्हा सोनाजीने त्याला ठाऊक असलेली सर्वांत मोठी गोष्ट केली. मृगाच्या आधी शेतकरी धनगरांना बोलावणे धाडत. खतासाठी कळप वावरात बसवत. जिथे मेंढरे बसली तिथली ज्वारी शिवेवरून ओळखू येई. तो खुलताबादला मेव्हण्याच्या, सर्जेरावच्या वाड्यावर गेला आणि ताज्या लेंडीची दोन पोती भरून एसटीने निघाला.

"बाबा, मेंढरं मागून येतायत का?" कंडक्टरने नाकाला रुमाल लावत विचारले.

सोनाजीने आळे काठोकाठ भरले.

जूनमध्ये काही दिवस पाऊस आला आणि नंतर दडून बसला. जुलै कोरडा गेला. टँकर आठव्या दिवशी येऊ लागला. बानाबाईची आंघोळ थांबली, ओल्या फडक्याने अंग पुसणे तेवढे उरले. अर्धवट ओलीत लेंडी आतल्या आत शिजू लागली. आळ्यात हात घातला की ती उबदार लागे, निजलेल्या मेंढीच्या पोटासारखी. सोनाजीला ती ऊब आवडे. किती तरी वर्षांनी हाताला असे काही लागत होते.

पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तेव्हा करुणाने भिंतीवरून पाहिले आणि ती धावत आली. तिने लेंडीत बोटे खुपसली.

"बाबा, हे कच्चं खत हाय. वरून पाणी नाय. मुळं भाजायलीत. आजच्या आज काढा!"

"दिलेली लेंडी धनगर उचलत नसतो."

"का?"

"मातीला दिली ती मातीची. माघारी घेतली की कळप बुडतो. माझ्या बापानं सांगितलंय."

"कळप तर इकला ना तुमी?"

सोनाजीने आळ्यातली लेंडी हाताने सारखी केली. "तरीबी," तो म्हणाला.

"मग मी काढते."

तो आळ्याच्या काठावर बसला, आणि उठलाच नाही. करुणा रडकुंडीला येऊन परत गेली. त्याला झाड मरावे असे वाटत नव्हते. पाऊस आला की सगळे सुरळीत होईल, एवढेच तो धरून होता. पाऊस आला की सुरळीत होते, यावरच त्याच्या पिढ्या जगल्या होत्या. ऑगस्ट तसाच सरला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाडावर एकही पान नव्हते.

"काढा ते," बानाबाई आतून म्हणाली. "कळप ग्येला, डोंगर ग्येला. आता कुनाला भ्यायचं?"

त्याने दोन्ही हातांनी लेंडी उपसली. खाली तंतुमुळे काळी पडली होती. ओढताच साल हातात येई. कुठे हिरवे उरले आहे का ते पाहायला त्याने नखाने खोड खरवडले. गुडघ्याशी तपकिरी, कमरेशी तपकिरी, हात पोचेल तिथवर तपकिरी.

काढलेली लेंडी घंटागाडीत टाकणे त्याच्याने होईना. एक पोते भरून, डोक्यावर घेऊन तो वाळूजच्या पलीकडे निघाला, पेरलेले रान शोधत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या रेघा होत्या, रेघांच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब, खांबांवर आकडे. त्यापुढे कमानी, कमानींवर वसाहतींची नावे, आत काहीच नाही. जिथे कधी त्याची मेंढरे बसली होती ती वावरे त्याला चढ-उतारावरून तेवढी ओळखू आली. दुपार टळल्यावर त्याने पोते एका चौकोनात रिकामे केले आणि तो माघारी आला.

"कुठं टाकली?" बानाबाईने विचारले.

"एका वावरात."

"पेरलं व्हतं?"

"व्हय. बाजरी व्हती."

"कशी व्हती?"

"बरी व्हती. ढोपराएवढी."

वर पत्रे अजून तापलेलेच होते.

"कुनाचं वावर?"

या पट्ट्यातल्या प्रत्येक वावराचा धनी सोनाजीला नावानिशी ठाऊक होता. धन्याच्या बापाचे नावही तो सांगू शकला असता. त्याने तोंड उघडले. एकही नाव जिभेवर आले नाही.

बानाबाईने उजव्या हाताने पदर ओढून डोळ्यांवर घेतला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हनुमानला सांगा, गवंड्याला दसऱ्याची वाट कशाला बघायला लावतो."